सिग्नल अर्ध्यात सोडतो : चार लेनच्या एका रस्त्याचं प्रकरण

जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, रस्त्याची मापं सोयीच्या आकड्यांत घेतली आहेत. या कामात मी रस्ते विभागाच्या बाजूने अभियंता होतो. पहिल्या चुकीवरची सही माझीच आहे, तेव्हा ती झाकण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

रस्ता १४ मीटर रुंद. दोन्ही दिशांना दोन-दोन लेन, मध्ये दुभाजक नाही, नुसता रंगाचा पट्टा. एका अंगाला वसाहत, त्यात वयस्कर माणसं बरीच. दुसऱ्या अंगाला रुग्णालय. त्याच्या ओपीडीचं दार थेट रस्त्यावर उघडतं आणि दाराला लागूनच बसथांबा. सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग मात्र चौकात, दारापासून १८० मीटरवर. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. रस्ता सरळसोट, त्यामुळे बहुतेक वाहनं त्याच्या वरच जायची. समोर मोकळी लेन दिसली की पाय आपोआप दाबला जातो, फलकावर काय लिहिलंय ते कोण बघतो?

काही महिन्यांच्या अंतराने ओपीडीच्या दारासमोर दोन गंभीर अपघात झाले. पहिल्यात एका निवृत्त गृहस्थांचं खुब्याचं हाड मोडलं. वेळ तिन्हीसांजेची, अंगावर गडद कपडे. दुसऱ्यात एक शाळकरी मुलगा. अलीकडच्या लेनमधल्या गाडीवाल्याने त्याला पाहून गाडी थांबवली, हाताने ‘जा’ अशी खूण केली. मुलगा निघाला. पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याला तो दिसलाच नाही, कारण मध्ये ती थांबलेली गाडी उभी होती. मुलगा वाचला, पण वर्ष वाया गेलं.

दोन्ही अहवालांत ‘कारण’ या रकान्यात एकच ओळ होती: पादचारी निष्काळजीपणे रस्ता ओलांडत होता.

पहिला निर्णय : रेलिंग

बैठक झाली ती याच ओळीवर. माणसं नको तिथून ओलांडतात, मग त्यांना ओलांडू देऊ नका. वसाहतीच्या बाजूने फूटपाथच्या कडेला लोखंडी रेलिंग, दोन फलक आणि आठवडाभर पोलिसांची मोहीम. कुणीच विरोध केला नाही. खर्च कमी, काम लवकर दिसणारं, आणि ‘आम्ही काहीतरी केलं’ हे सांगायला फोटोही मिळतो.

पंधरवड्यात रेलिंगचा एक गज वाकवून माणूस जाईल एवढी फट पडली. आम्ही ती जोडली, ती पुन्हा पडली. याहून वाईट प्रकार आमच्या डोक्यातच आला नव्हता. रुग्णालयाच्या बाजूला रेलिंग नव्हतं, तेव्हा तिकडून येणारी माणसं रस्ता ओलांडून यायची आणि समोर लोखंड पाहून अडकायची. मग फट सापडेपर्यंत रेलिंगला पाठ घासत, वाहनांच्या अगदी कडेने चालत राहायची. एका दुपारी हातात औषधांची पिशवी घेतलेली एक बाई अशी उभी असलेली मी स्वतः पाहिली. तिच्यापासून हातभर अंतरावरून ट्रक गेला. तिने पिशवी छातीशी धरली होती आणि डोळे मिटले होते.

पुन्हा पाहणी

त्यानंतर वसाहतीतल्या एका आजींना विचारलं, तुम्ही सिग्नलला का जात नाही? त्या म्हणाल्या, “जात होते की. पण तो सिग्नल मला अर्ध्यात सोडतो.”

दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा १२ सेकंद. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा नेहमीचा वेग धरला की १२ सेकंदांत १४.४ मीटर होतात, म्हणजे कागदावर हिशेब चोख. आजींचा वेग सेकंदाला ०.८ मीटर भरला. बारा सेकंदांत त्या साडेनऊ मीटरवर पोचल्या, दिवा लाल झाला आणि साडेचार मीटर रस्ता समोर उरला. मी हात वर करून गाड्या थांबवल्या. रोज त्यांच्यासाठी हात कोण वर करणार?

वळसा वेगळाच. घराच्या फाटकापासून समोरच्या दारापर्यंत सरळ गेलं तर १४ मीटर. सिग्नलवरून गेलं तर १८० मीटर जाणं आणि पलीकडून तेवढंच परत येणं, म्हणजे ३६० मीटर. आजींच्या चालीने साडेसात मिनिटं, आणि त्यात सिग्नलची वाट धरलेली नाही. सरळ ओलांडायला लागतात साडेसतरा सेकंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाने यातलं काय निवडावं, हे निष्काळजीपणाच्या रकान्यात मावत नाही.

रुग्णालयाच्या अपघात विभागाची वही पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. पोलिसांकडे ज्यांची नोंदच नव्हती अशी कितीतरी माणसं त्या वहीत होती: धक्का लागून पडलेली, मनगट मोडलेली, पायावरून चाक गेलेली. वाहन थांबलं नाही, किंवा ‘जाऊ दे’ म्हणून तक्रारच झाली नाही. आम्ही दोन अपघातांवर निर्णय घेत होतो आणि खरा आकार रस्त्याच्या पलीकडे वहीत पडून होता.

मग एक जुना तक्ता फळ्यावर काढला. विल्यम हॅडन हे मूळचे डॉक्टर, पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या तक्त्यात अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तीन ओळी असतात. समोर स्तंभ येतात माणूस, वाहन आणि परिसर यांचे. आम्ही केलेली सगळी कामं त्यात भरली. मोहीम, फलक, रेलिंग, शाळेतलं व्याख्यान. रेलिंग नावापुरतं परिसराच्या घरात बसलं, पण त्याचाही हेतू माणसाला वळण लावण्याचाच. बाकी सगळं ‘माणूस, अपघाताआधी’ या एकाच चौकटीत गोळा झालं. वेग, उजेड, रस्त्याची रुंदी, थांबा, या रकान्यांत काहीच नव्हतं.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘व्हिजन झिरो’ हे रस्ता सुरक्षेचं धोरण स्वीकारलं, त्याचा गाभा हाच आहे: माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि ती जबाबदारी रस्ता आखणाऱ्यावरही येते. ही गोष्ट मला माहीत होती. व्याख्यानात मी ती सांगितलीही होती. तरी रेलिंगच्या कागदावर सही केली.

तोललेले पर्याय

पादचारी पूल. लोकप्रतिनिधींना हा सर्वांत आवडला. उंच वाहनं खालून जायला हवीत, त्यात पुलाची जाडी मिळवली की चालण्याची पातळी साधारण ६ मीटरवर जाते. पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. व्हीलचेअरसाठी १ ला १२ उताराचा रॅम्प केला तर मधले सपाट टप्पे सोडून एकेका बाजूला ७२ मीटर. म्हणजे पूल बांधूनही वळसा उरतोच, वर चढ आणखी. समोर ओपीडी, येणारी निम्मी माणसं लंगडत येणारी, त्यांच्याकडून ही अपेक्षा. लिफ्टचा विषय निघाला. ती बंद पडल्यावर कोण बघणार, याला उत्तर मिळालं नाही. पूल बाजूला ठेवला. त्यावर काही मंडळी अजून नाराज आहेत.

नुसतं झेब्रा क्रॉसिंग. दारासमोर पट्टे मारायचे आणि मोकळं व्हायचं. हा पर्याय सर्वांत स्वस्त दिसतो आणि याच्याच बाबतीत सर्वांत सावध राहावं लागतं. अमेरिकेतल्या ३० शहरांमध्ये पट्टे मारलेल्या १,००० आणि न मारलेल्या १,००० जागांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आहे. अनेक लेनच्या, दिवसाला सुमारे १२ हजारांहून जास्त वाहनं असलेल्या रस्त्यांवर, दुसरी कुठलीही सुधारणा न करता केवळ पट्टे मारलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचं प्रमाण जास्त आढळलं. आमचा रस्ता याच गटातला. कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं, त्या शाळकरी मुलाचा अपघात तेच सांगत होता: एक लेन थांबते, दुसरी थांबत नाही, आणि थांबलेली गाडीच पडदा होते. पट्टे मारून आम्ही अशी आणखी माणसं त्या पडद्याआडून पाठवली असती.

चौकातल्या सिग्नलची वेळ वाढवणं. करायलाच हवं होतं. पण ३६० मीटरचा वळसा त्याने मिटत नाही.

दारासमोर नवा सिग्नल. वाईट कल्पना नव्हती. अडचण एवढीच की पादचाऱ्याला बटण दाबून फार वेळ थांबावं लागलं की तो लाल दिव्यातच निघतो, आणि चौकातल्या सिग्नलशी मेळ घालायचा तर थांबणं लांबणारच होतं. हा पर्याय राखून ठेवला.

लेन कमी करणं. चारच्या दोन करायच्या आणि मध्ये पादचाऱ्याला थांबायला बेट द्यायचं. ३.३ मीटरच्या दोन लेन आणि २ मीटरचं बेट मिळून ८.६ मीटर. उरलेल्या ५.४ मीटरमधून दोन्ही फूटपाथ रुंद होतात. आता माणूस एका वेळी ३.३ मीटर ओलांडतो, आजींच्या चालीनेही चार सेकंद. बेटावर थांबायचं, दुसरीकडे बघायचं, पुन्हा चार सेकंद. एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघायची असतात. दिशेला एकच लेन उरल्यावर शेजारून पडद्याआड येणारी गाडीही उरत नाही.

याला विरोध जोरात झाला. वाहतूक कोंडेल, हा मुख्य मुद्दा. तो पोकळ नव्हता म्हणून गर्दीच्या वेळी चौकात उभं राहून मोजणी केली. वाहनं तुंबत होती ती सिग्नलपाशी. मधल्या पट्ट्यात चार लेन असूनही गाड्या वेगाने जायच्या आणि पुढच्या लाल दिव्याला जाऊन उभ्या राहायच्या. म्हणून चौकाजवळच्या रांगेच्या लेन तशाच ठेवल्या, कमी केल्या त्या मधल्या. रुग्णवाहिकेचा मुद्दा रुग्णालयाने काढला, तो जास्त खरा होता. त्याकडे पुढे येतो.

वेगाचा हिशेब

बैठकीत ज्या एका आकडेमोडीने मतं हलली ती अशी. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ५० ने जाणारी गाडी तेवढ्यात २१ मीटर पुढे जाते, मग ब्रेक लागून आणखी साधारण १४ मीटर. एकूण ३५. ताशी ३० ने जाणारी गाडी दीड सेकंदात साडेबारा मीटर जाते, आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते. एकूण साडेसतरा. म्हणजे ३० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथून ५० ची गाडी ब्रेक न लागता पन्नासनेच पुढे जाते. हे मी खडूने जमिनीवर आखून दाखवलं. वाहतूक पोलीस अधिकारी त्या दोन रेषांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

पादचारी आणि वाहनं जिथे मिसळतात तिथे मर्यादा ३० असावी, असं रस्ता सुरक्षेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. आम्ही ३० मागितली. ४० मिळाली. क्रॉसिंग मात्र उंच चौथऱ्यासारखं करायला मान्यता मिळाली, फूटपाथच्या पातळीला आणलेलं. मर्यादेचा फलक कुणी वाचला नाही तरी चौथरा वाचावाच लागतो. रुग्णवाहिकेसाठी त्याचे उतार सौम्य केले आणि रुग्णालयाच्या चालकांना रिकामी गाडी घेऊन चार फेऱ्या मारायला लावल्या. त्यांनी एका बाजूचा उतार अजून कमी करायला सांगितला. तो केला.

प्रत्यक्ष काम आणि त्यातल्या चुका

आधी सगळं तात्पुरतं केलं: रंग, प्लॅस्टिकचे खांब, रबराचा चौथरा. सहा आठवडे. पक्कं काम करण्याआधी चुका स्वस्तात कळाव्यात म्हणून. कळल्याही.

सकाळ-संध्याकाळ दोन-दोन निरीक्षक बसवले. अपघाताची वाट बघायची नाही, थोडक्यात चुकलेले प्रसंग लिहायचे. गाडीने करकचून ब्रेक मारला, माणूस धावला, मागे उडी मारली, असं जे दिसेल ते. या पद्धतीचंही एक पद्धतशीर रूप स्वीडनमध्ये घडलं. तिसऱ्याच दिवशी नोंदी एका ठिकाणी दाटल्या. बसथांबा वाहनांच्या दिशेने पाहिलं तर क्रॉसिंगच्या अलीकडे होता. उतरलेली माणसं उभ्या बसच्या पुढून क्रॉसिंगवर यायची आणि बसला वळसा घालणाऱ्याला ती दिसायची नाहीत. शाळकरी मुलाचाच प्रकार, गाडीच्या जागी बस. थांबा क्रॉसिंगच्या पुढे नेला. आता माणसं बसच्या मागून ओलांडतात आणि येणाऱ्याला ती आधीच दिसतात. एवढी साधी गोष्ट आराखड्यात माझ्यासह सात जणांच्या नजरेतून सुटली होती.

उद्यान विभागाने बेटावर झुडपं लावली, छान वाढली, आणि त्यांच्याआड लहान मूल दिसेनासं झालं. काढायला लावली.

दिव्याची चूक माझी. खांब क्रॉसिंगच्या बरोबर वर घेतला होता. उजेड डोक्यावर पडायचा आणि चालकाला समोर नुसती काळी आकृती. खांब वाहन येतं त्या बाजूला थोडा अलीकडे घेतल्यावर उजेड माणसाच्या त्या अंगावर पडू लागला जे चालकाला दिसतं. पहिल्या अपघातातले गृहस्थ गडद कपड्यांत होते, हे अहवालात ठळक लिहिलं होतं. तिथला दिवा कुठे होता, हे लिहिलं नव्हतं.

रेलिंग काढलं. त्याला सर्वांत कमी वेळ लागला.

निष्पत्ती

पक्कं काम पूर्ण होऊन दीड वर्ष झालं. त्या पट्ट्यात गंभीर इजा झालेली नाही. यावरून मोठा दावा मी करणार नाही. एखादी जागा आपण निवडतो तीच मुळी वाईट काळ पाहून, आणि वाईट काळानंतर आकडे काही न करताही थोडे खाली येतात. दीड वर्ष हा त्यासाठी थोडा काळ आहे. वेग आणि थोडक्यात चुकलेले प्रसंग यांवर मी जास्त भिस्त ठेवतो. आधी बहुतेक वाहनं मर्यादेच्या वर होती, आता क्रॉसिंगपाशी बहुतेक ४० च्या आत असतात. करकचून ब्रेक मारण्याचे प्रसंग स्पष्टपणे घटले. गर्दीच्या वेळी तो पट्टा पार करायला लागणारा वेळ किंचित वाढला, चौकातली रांग होती तेवढीच आहे.

एक नको तो परिणाम झाला. काही गाड्या वसाहतीमागच्या गल्लीतून वळू लागल्या. तिथे मुलं खेळतात. गल्लीत गतिरोधकांची मागणी आली आहे, तिचा निर्णय प्रलंबित आहे. लेन कमी करताना गल्लीचं तोंड आराखड्यात घ्यायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सिग्नलची वेळ. चौकातला हिरवा दिवा १२ वरून २० सेकंदांवर नेला तो अगदी शेवटी, आजींबरोबर चाललो त्याच्या सात महिन्यांनंतर. खोदकाम नाही, खर्च जवळपास नाही, नियंत्रकाच्या पेटीतला एक आकडा बदलायचा होता. तो कुणाच्या अखत्यारीत येतो हे ठरवण्यात सात महिने गेले, कारण सर्वांचं लक्ष मोठ्या कामावर होतं आणि मी ‘सगळं एकदम करू’ म्हणत राहिलो. त्या सात महिन्यांत सिग्नलला जाणारी आजींसारखी माणसं रोज अर्ध्यात सापडत होती.

रुग्णालयाची वही पहिल्या आठवड्यात मागायला हवी होती. रेलिंगआधी एक दिवस तिथे नुसतं उभं राहायला हवं होतं.

अहवालाच्या छापील नमुन्यात आता ‘कारण’ या रकान्याखाली आणखी चार ओळी घातल्या आहेत: माणूस कुठून कुठे चालला होता, जवळचं क्रॉसिंग किती अंतरावर, उजेड कुठून पडत होता, मध्ये कुठलं वाहन उभं होतं. त्यानंतर आलेल्या पहिल्या भरलेल्या नमुन्यात तीन ओळी कोऱ्या होत्या. चौथीत हवालदारांनी पेन्सिलने लिहिलं होतं: टेम्पो.